मूलभूत कर्तव्ये

मूलभूत कर्तव्ये : भारतीय संविधानाच्या भाग ४क मधील अनुच्छेद ५१क ने भारतीय नागरिकांकडून अपेक्षिलेली अकरा कर्तव्ये. मूळ संविधानात हा भाग नव्हता. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) तो घातला गेला आणि ३ जानेवारी १९७७ पासून अंमलात आला. त्या वेळी कर्तव्ये दहा होती. कर्तव्यांची यादी शालेय पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते, म्हणून ती येथे पुन्हा दिलेली नाही.

मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास अनुच्छेद ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. कर्तव्यांबाबत तशी तरतूद नाही आणि ती न पाळल्यास संविधानात शिक्षाही सांगितलेली नाही. आणखी एक भेद सहसा नजरेतून सुटतो. समानता (अनुच्छेद १४), जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य (अनुच्छेद २१) असे कित्येक हक्क भारताच्या भूमीवरील कोणत्याही व्यक्तीला आहेत. अनुच्छेद ५१क मात्र केवळ नागरिकांना उद्देशून आहे.

उगम : ही कर्तव्ये ‘रशियाच्या राज्यघटनेवरून घेतली’ असे स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत एका ओळीत सांगितले जाते. हे विधान अर्धेच टिकते. सोव्हिएट संघाच्या १९३६ च्या राज्यघटनेत ‘नागरिकांचे मूलभूत हक्क व कर्तव्ये’ असे दहावे प्रकरण होते. त्यातील संविधान व कायदे पाळणे (अनुच्छेद १३०), सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण (अनुच्छेद १३१) आणि मातृभूमीचे संरक्षण (अनुच्छेद १३३) यांचे अनुच्छेद ५१क च्या खंड (क), (झ) आणि (घ) यांच्याशी साम्य उघड आहे. परंतु हक्क व कर्तव्ये एका शीर्षकाखाली आणण्याची रीत सोव्हिएट नव्हे. फ्रान्सच्या १७९५ च्या राज्यघटनेच्या आरंभी मनुष्य व नागरिक यांच्या हक्कांचा आणि कर्तव्यांचा जाहीरनामा होता. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार संविधानाच्या दुसऱ्या भागाचे शीर्षकही ‘मूलभूत हक्क व मूलभूत कर्तव्ये’ असेच होते.

पर्यावरणाच्या कर्तव्याबाबत, म्हणजे खंड (छ) बाबत, रशियन उगमाचे मत विशेष अडचणीत येते. १९३६ च्या सोव्हिएट घटनेत निसर्गरक्षणाचे कर्तव्य नाही. ते ७ ऑक्टोबर १९७७ रोजी संमत झालेल्या नव्या सोव्हिएट घटनेत (अनुच्छेद ६७) आले, आणि तोवर भारतीय तरतूद अंमलात येऊन नऊ महिने झाले होते. सांस्कृतिक वारशाचेही (भारतात खंड (च), सोव्हिएट अनुच्छेद ६८) तसेच. पर्यावरणाचे ‘रक्षण करून त्यात सुधारणा करणे’ ही जोडी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेने जून १९७२ मध्ये काढलेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्याच्या पहिल्या तत्त्वात जवळपास त्याच शब्दांत आढळते. त्या परिषदेत इंदिरा गांधींनी भाषण केले होते, आणि राज्याला पर्यावरणाबाबत निदेश देणारा अनुच्छेद ४८क बेचाळिसाव्या दुरुस्तीनेच आला. खंड (छ) पुरता तरी स्टॉकहोमचा धागा अधिक संभाव्य दिसतो.

देशी पूर्वपीठिका दोन अंगांनी सांगितली जाते. पहिले अंग राष्ट्रीय चळवळीचे. काँग्रेसच्या कराची अधिवेशनातील (मार्च १९३१) ठरावात विहिरी, तळी, रस्ते, शाळा व सार्वजनिक ठिकाणे यांच्याबाबत सर्व नागरिकांचे ‘समान हक्क आणि कर्तव्ये’ आहेत असे कलम होते. १९२८ च्या नेहरू अहवालात सार्वजनिक रस्ते व विहिरी वापरण्याच्या समान हक्काचाच उल्लेख होता. कर्तव्य हा शब्द कराचीत जोडला गेलेला दिसतो. तत्पूर्वी मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत केला होता, आणि तो कागदावरच राहिल्याने २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एकाचा पाण्यावरचा हक्क म्हणजे दुसऱ्याने वाट न अडवण्याचे कर्तव्य, हा अर्थ महाडच्या संदर्भात जितका स्पष्ट होतो तितका अनुच्छेद ५१क च्या शब्दांतूनही होत नाही.

दुसरे अंग धर्मशास्त्राचे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या अखेरच्या खंडात मूळ संविधानावर टीका केली होती, ती अशी की त्यामुळे सामान्य लोकांत आपल्याला केवळ हक्क आहेत, बंधने नाहीत अशी भावना उत्पन्न होते. कर्तव्यांच्या समर्थनार्थ हे मत दिले जाते. गांधीजींनीही १९४७ मध्ये युनेस्कोचे महासंचालक ज्युलियन हक्स्ली यांना लिहिले होते की, हक्क नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. मात्र स्मृतींतील कर्तव्ये वर्ण व आश्रम यांनुसार वेगळी होतात, तर अनुच्छेद ५१क ‘प्रत्येक नागरिक’ या एकाच कर्त्याला उद्देशून आहे. त्यामुळे धर्मकल्पनेला प्रेरणा म्हणता येईल, उगम म्हणणे कठीण.

समिती व विधेयक : आणीबाणीच्या काळात १९७६ मध्ये काँग्रेस पक्षाने सरदार स्वर्णसिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने आठ कर्तव्ये सुचवली. ती पाळण्यास नकार देणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार संसदेला असावा, त्यासंबंधीच्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येऊ नये आणि कर भरणे हेही मूलभूत कर्तव्य असावे, या तिच्या शिफारशी मान्य झाल्या नाहीत. त्या झाल्या असत्या तर या भागाचे स्वरूप नैतिक न राहता दंडात्मक झाले असते. विधिमंत्री ह. रा. गोखले यांच्या काळातील हे विधेयक चव्वेचाळिसावे म्हणून मांडले गेले आणि संमत झाल्यावर बेचाळिसावे ठरले. जुन्या कागदपत्रांत यामुळे गोंधळ होतो. जनता सरकारच्या राजवटीतील त्रेचाळिसाव्या व चव्वेचाळिसाव्या दुरुस्त्यांनी बेचाळिसाव्या दुरुस्तीचा मोठा भाग उलटवला, भाग ४क ला मात्र हात लावला नाही.

अकरावे कर्तव्य, म्हणजे सहा ते चौदा वर्षे वयाच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे (खंड (ट)), शहाऐंशीव्या दुरुस्तीने (२००२) आले. ते २००२ पासून लागू असल्याचे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात ही दुरुस्ती शिक्षण हक्क कायद्याबरोबर १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आली. इतर दहा कर्तव्ये सर्व नागरिकांना, हे एक केवळ मातापित्यांना किंवा पालकांना आहे. १९४६ च्या जपानी संविधानातही (अनुच्छेद २६) मुलांना शिक्षण मिळवून देण्याचे बंधन आहे.

न्यायालये : दाद मागता येत नसली तरी कायद्याचा अर्थ लावताना व निर्बंध वाजवी आहे का हे पाहताना न्यायालये या अनुच्छेदाचा आधार घेतात. गंगा प्रदूषणाच्या खटल्यात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून आठवड्याला किमान एक तास पर्यावरणाचे शिक्षण देण्यास सांगितले. गुजरातमधील गोवंशहत्याबंदी सात न्यायाधीशांच्या पीठाने २००५ मध्ये वैध ठरवली, तीही अनुच्छेद ४८ बरोबर खंड (छ) च्या आधारे. ‘प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी’ या शब्दांवर २०१४ मध्ये तमिळनाडूतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. राज्यांनी कायदे दुरुस्त केल्यानंतर मे २०२३ मध्ये घटनापीठाने ते कायदे वैध मानले.

खंड (क) मधील राष्ट्रगीताच्या आदराबाबत दोन निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. केरळमधील यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन मुलांनी शाळेत राष्ट्रगीत गायले नाही, पण ती आदराने उभी राहत. १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांना शाळेतून काढणे अवैध ठरवले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा ३० नोव्हेंबर २०१६ चा आदेश ९ जानेवारी २०१८ रोजी ऐच्छिक करण्यात आला.

महाराष्ट्र : खंड (ज) मधील ‘विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी व सुधारणावाद’ यांच्या आधारे अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी दीर्घकाळ लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच राज्याने अध्यादेश काढला व डिसेंबरमध्ये कायदा केला. नैतिक स्वरूपाच्या एका खंडातून दंडात्मक कायद्यापर्यंत पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण होय.

मूलभूत कर्तव्यांच्या शिकवणुकीबाबत नेमलेल्या न्या. वर्मा समितीने (१९९९) यांतील बहुतेक कर्तव्यांसाठी वेगवेगळे कायदे आधीच अस्तित्वात असल्याचे दाखवून दिले. संविधान पुनर्विलोकन आयोगाने (२००२) मतदान व करभरणा यांचा समावेश सुचवला होता; तो झालेला नाही.