बोगनवेल : छदांच्या रंगामागचा इतिहास

महामार्गाच्या दुभाजकांपासून सोसायट्यांच्या कुंपणांपर्यंत सर्वत्र दिसणारी बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. लुई आंत्वान द बूगँव्हील या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या जगप्रदक्षिणेत सहभागी असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सन यांना ती १७६७ साली ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरो येथे आढळली आणि त्यांनी तिला आपल्या मोहीमप्रमुखाचे नाव दिले. कॉमेर्सन त्या वेळी पायाच्या दुखण्याने बेजार होते. त्यामुळे पुरुषवेशात जहाजावर वावरणाऱ्या त्यांच्या सहायक झान बारे यांनीच हे नमुने गोळा केले असावेत, असे काही अभ्यासक मानतात आणि ते पटण्याजोगे आहे. प्रजातीचे वर्णन मात्र १७८९ मध्ये, कॉमेर्सन यांच्या निधनानंतर, आंत्वान लोराँ द झ्युस्यू यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले.

या वेलीची कीर्ती ज्या रंगावर उभी आहे, तो फुलाचा रंग नव्हे. तीन रंगीत छदांचा, म्हणजे फुलालगतच्या पानासारख्या भागांचा, झुपका जवळून पाहिला, तर प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी दिसते आणि तिचे टोक फिकट पांढऱ्या चांदणीसारखे उघडलेले असते. खरे फूल ते. त्याला पाकळ्या नसतात, ती नळीही परिदलाचीच, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाचीच, बनलेली असते. गुलबक्षी आणि पुनर्नवा ज्या निक्टॅजिनेसी कुलात येतात, त्यातलीच ही. छदांतील किरमिजी रंग बीटाच्या कंदातील रंगद्रव्याच्या गटातला, म्हणजे बीटालेनचा. वेलीला ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, नसतात. पानांच्या बेचक्यांतून निघालेल्या काट्यांच्या आधाराने ती चढते.

लागवडीत बी क्वचितच धरत असल्यामुळे तिचा प्रसार मुख्यतः फाटे लावूनच झाला आणि नव्या रंगांचा इतिहासही त्याच वाटेने गेला. कोलंबियातील कार्ताहेना येथून १९१० च्या सुमारास त्रिनिदादला नेलेला गडद लाल ‘मिसेस बट’ हा वाण वंध्य. तरीही केवळ छाट कलमांच्या जोरावर तो उष्ण कटिबंधात दूरवर पोहोचला. एकाच वेलीवर पांढरी आणि किरमिजी छदे धरणारा ‘मेरी पामर’ कोलकात्यात एका फांदीतील आकस्मिक बदलातून निपजला. अशा वाणांना रोपवाटिकागणिक वेगळी नावे पडून गोंधळ होऊ नये, यासाठी बोगनवेलीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी करण्याचे काम १९६६ मध्ये नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आले.