लाकडावरचा बॉयलर घरात बसवायचा की बाहेर? चर बुजवण्याआधी वाचा

लाकूड जाळून पाणी तापवायचं आणि ते पाइपांतून फिरवून घर गरम ठेवायचं, असे बॉयलर आम्ही बसवतो. घरात की बाहेर, हा प्रश्न आम्हाला सतत येतो आणि फोनवर आम्ही त्याचं उत्तर देत नाही. काहींना तो आखडूपणा वाटतो. पण जागा न बघता दिलेलं उत्तर पुढे दोघांनाही महागात पडतं, म्हणून आमचं म्हणणं इथे लिहून ठेवतो.

बॉयलर घरात असेल तर त्याच्या अंगातून सुटणारी ऊब घरातच राहते. पाइप थोडके लागतात. धुराडं आतूनच वर जात असल्यामुळे ते गरम राहतं, ओढ चांगली मिळते आणि काजळी कमी धरते. त्या बदल्यात राख, ढलप्या आणि लाकडातले किडे घरात येणार, हे धरून चाला. एका बाबतीत मात्र आम्ही ऐकत नाही: त्या खोलीत बाहेरची हवा येण्यासाठी कायम उघडी झडप हवीच. हवा कमी पडली किंवा शेजारच्या खोलीतला एक्झॉस्ट पंखा ती ओढू लागला, तर धुराड्यातला वायू उलटा घरात येतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. गार वारा येतो म्हणून झडपेत गोणपाट कोंबलेलं आम्ही पाहिलं आहे. त्या दिवशी आधी गोणपाट काढलं, मग बॉयलरकडे वळलो. या वायूचा अलार्म आम्ही प्रत्येक कामात धरतोच. तो वगळून भाव मागू नका.

बाहेर बसवला तर आग, धूर, कचरा सगळं लांब राहतं. धूर मात्र तुमच्यापासून लांब म्हणजे शेजाऱ्याच्या जवळ, असं होऊ देऊ नका. घराला उष्णता नको असते तेव्हा बॉयलर हवा बंद करून धुमसत राहतो आणि नेमका तेव्हाच धूर वाढतो. त्यात धुराडं बुटकं असलं की तो खालीच रेंगाळतो. लाकूड ओलं असेल तर बोलायलाच नको. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते २० टक्क्यांच्या खाली यायला हवं.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. बॉयलर बाहेर ठेवायचं ठरलं की आम्ही पोचण्याआधीच लोक घरापर्यंत चर खणून, साध्या पाइपाला फोम गुंडाळून, माती लोटून मोकळे होतात. मग महिन्याभरात फोन येतो, ‘बॉयलर तापतच नाही.’ बॉयलर तापलेला असतो, उष्णता मातीत जात असते. दव पडलेल्या सकाळी अंगणात बॉयलरपासून घरापर्यंत एक सरळ कोरडी पट्टी दिसली, की आम्ही बॉयलर उघडतसुद्धा नाही. फोममध्ये पाणी शिरलं की तो असून नसल्यासारखा.

हिशेब करा. तासाला १,००० लिटर पाणी फिरतंय आणि वाटेत ५ अंश पडतायत, तर ५.८ किलोवॉट वाया. दिवसरात्र चाललं तर निव्वळ माती तापवायला रोज किमान ३५ किलो सुकं लाकूड. म्हणून आम्ही जाणारा आणि परतीचा पाइप एकाच जलरोधक आवरणात असलेला तयार पाइप वापरतो. तो महाग आहे, हे मान्य. सांधे दाबाखाली तपासून, फोटो काढूनच चर बुजवू देतो. त्यात एक दिवस जास्त जातो, तोही मान्य.

आमचा स्वतःचा कल विचाराल तर जागा असेल तिथे घराच्या भिंतीला लागून, बाहेरून दार असलेली वेगळी खोली. कचरा बाहेर, पाइप आखूड, धुराडं घराच्या छपराच्या वर नेता येतं. यात आमचा पाइप कमी खपतो, तरी आम्ही हेच सुचवतो. फक्त फरशी आधी दाखवा. बॉयलरचं गरम पाणी साठवायच्या १,००० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच एक टन असतं.

आणखी एक. वीज गेली की पंप थांबतो, आग थांबत नाही. ती उष्णता पंपाशिवाय कुठे जाईल, हे जागा ठरवतानाच ठरवावं लागतं. ते नंतर जोडणं कटकटीचं होतं.

फोन करण्याआधी बॉयलरच्या जागेपासून घरापर्यंतचं अंतर, शेजाऱ्याची सर्वात जवळची खिडकी आणि लाकूड रचायची जागा एवढं मोजून ठेवा. चर आधीच खणला असेल तर तसाच उघडा ठेवा आणि पाणी साचू नये म्हणून वर पत्रे टाका.