बचावात्मक मध्यरक्षक
बचावात्मक मध्यरक्षक : फुटबॉल संघात बचावफळीच्या लगेच पुढे खेळणारा खेळाडू. मराठी वृत्तपत्रे मधल्या फळीतल्या प्रत्येकाला, अगदी सतत गोल करणाऱ्यालाही, ‘मध्यरक्षक’ म्हणतात. त्यामुळे शब्दात ‘रक्षक’ असूनही त्याआधी ‘बचावात्मक’ जोडावे लागते. नाशिकच्या मैदानांवर जुने खेळाडू ‘सेंटर हाफ’ म्हणतात, तर व्हिडिओ गेमवर वाढलेली मुले ‘सीडीएम’ (सेंट्रल डिफेन्सिव्ह मिडफिल्डर).

या जागेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ असलेल्या २-३-५ रचनेत (मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच आक्रमक) सेंटर हाफ मधल्या तिघांच्या मध्यभागी खेळे व चढाई, बचाव दोन्ही पाही. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. पास मिळताना आक्रमक व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीनऐवजी दोनच खेळाडू असणे पुरेसे ठरले आणि गोल वाढले. त्यावर उतारा म्हणून हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल संघाने सेंटर हाफला दोन बॅकांच्या मध्ये ओढले. इंग्लंडमध्ये ५ क्रमांकाची जर्सी मधल्या बचावपटूची समजली जाते ती यामुळेच. अर्जेंटिनात मात्र तो ‘पाच नंबर’ मधल्या फळीतच राहिला. एका मतानुसार आजचा बचावात्मक मध्यरक्षक १९५० च्या दशकातील ४-२-४ रचनेतल्या हाफबॅकपासून घडला. दुसऱ्या मतानुसार तो मागे न गेलेला जुना सेंटर हाफच होय. जर्सीचा पुरावा पाहता, निदान दक्षिण अमेरिकेपुरते, दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्राझीलमध्ये या जागेला ‘वोलांते’ म्हणतात. हा शब्द १९३८ च्या सुमारास फ्लामेंगो संघात आलेल्या कार्लोस वोलांते या अर्जेंटिनी खेळाडूच्या आडनावावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ मोटारीचे चाक, म्हणजे स्टिअरिंग, असाही होतो. तो अर्थ या जागेला इतका चपखल बसतो की नंतर चिकटवल्याचा संशय यावा.

कौशल्याचा गाभा चेंडू मिळण्याआधीच दिसतो. पास वाटेत असतानाच खेळाडू दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेतो आणि शरीर अर्धे वळवून ठेवतो. स्पेनच्या २०१० च्या विश्वविजेत्या संघातील सर्जिओ बुस्केट्सला म्हणूनच टॅकलसाठी, म्हणजे चेंडू हिसकावण्यासाठी, फारसे घसरावे लागत नसे. फ्रान्सचा एनगोलो कांटे वेगळ्या घडणीचा. धावून चेंडू हिसकावणाऱ्या कांटेने २०१६ मध्ये लेस्टर सिटीकडून आणि २०१७ मध्ये चेल्सीकडून इंग्लिश लीगचे विजेतेपद मिळवले.

ही जागा बहुधा क्लॉड मॅकेलेलेच्या (जन्म १९७३, किन्शासा) नावाने ओळखली जाते, मात्र तो तिचा जनक नव्हे. २००० ते २००३ या काळात त्याने रिआल माद्रिदकडून दोन लीग विजेतेपदे व २००२ चा चॅम्पियन्स लीग करंडक जिंकला. २००३ च्या उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅम माद्रिदला आला आणि वेतनाच्या वादानंतर मॅकेलेले चेल्सीला गेला. पुढचे लीग विजेतेपद माद्रिदला २००७ मध्ये मिळाले. चेल्सीने २००४-०५ च्या ३८ लीग सामन्यांत अवघे १५ गोल स्वीकारले. याचे सगळे श्रेय एकट्या मॅकेलेलेला देणे अतिशयोक्तीचे होईल. गोलरक्षक पेट्र चेक व बचावपटू जॉन टेरी त्याच संघात होते. याच जागी खेळणाऱ्या स्पेनच्या रॉड्रीला २०२४ चा बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला, तेव्हा या जागेला उशिरा का होईना वैयक्तिक मान लाभला.

भारतात १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघात गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको हाफबॅक होता.

नाशिकमध्ये या जागेचे स्वरूप हवामान ठरवते. शालेय सामने बहुधा पावसाळ्यात येतात. काळ्या मातीत आडवा छोटा पास चिखलात रुतून बसतो, म्हणून प्रशिक्षक चेंडू उंच उडवायला सांगतात आणि सेंटर हाफच्या वाट्याला परतलेला चेंडू डोक्याने थोपवणे तेवढे उरते. अलीकडच्या जाळी लावलेल्या टर्फवर पाच-पाच जणांत खेळताना ही जागा जवळपास नाहीशी होते. तिथे पुढे पळणाऱ्या चौघांकडे बघत कोणीतरी ओरडतो, ‘अरे, एक जण तरी मागे थांबा रे!’, आणि बहुतेक वेळा ओरडणाराच थांबतो.