विधी प्राध्यापक ते कुलगुरू (बडोद्याच्या संदर्भात)

कायदा शिकवणाऱ्या अध्यापकाची विद्यापीठाच्या प्रमुखपदापर्यंतची वाटचाल. भारतात कुलगुरू म्हटले की रसायन, भौतिकी, अभियांत्रिकी किंवा वाणिज्य या शाखांतली माणसे चटकन आठवतात. कायद्याची बोटांवर मोजावी लागतात. याचे कारण गुणवत्तेत कमी आणि नियमांच्या गणितात अधिक आहे. शिवाय या वाटेवर एक गंमत आहे. न्यायालयाने सरकारला कसा जाब विचारावा हे ज्याने वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, त्याचेच नाव कुलगुरू होताच याचिकांवर प्रतिवादी म्हणून येऊ लागते.

शब्दांचा घोळ

बडोद्यातल्या मराठी माणसाला या विषयाची पहिली ठेच शब्दातच लागते. मराठीत विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहतो तो कुलगुरू आणि त्याच्या वरचा मानाचा धनी तो कुलपती. गुजरातीत मात्र कारभार पाहणाऱ्यालाच कुलपती म्हणतात आणि वरच्याला कुलाधिपती. त्यामुळे सकाळी गुजराती वर्तमानपत्रात ‘कुलपतींचा राजीनामा’ असा मथळा वाचून डांडिया बाजारातले एखादे आजोबा ‘राजघराण्यात काय झालं?’ म्हणून दचकले, तर नवल नाही. कारण इतर राज्य-विद्यापीठांत कुलपती म्हणजे राज्यपाल असला, तरी महाराजा सयाजीराव विद्यापीठात हे पद गायकवाड घराण्याकडे राहिले आहे. मृणालिनीदेवी पुआर यांच्यानंतर ते राजमाता शुभांगिनीराजे गायकवाड यांच्याकडे आले. रोजच्या बोलण्यात दोन्ही भाषांचे लोक ‘व्हीसी’ म्हणून मोकळे होतात.

खरे तर अशा घोळावर उतारा म्हणून बडोदा संस्थानानेच एक कोश काढला होता. ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या १९३१ च्या कोशात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय दिले आहेत. कायद्याचा शब्द लोकांच्या भाषेत नेमका हवा, हा आग्रह इथे विद्यापीठ होण्याच्या आधीपासूनचा आहे.

बडोद्याची पूर्वपीठिका

बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झाले आणि मुंबई विद्यापीठाला जोडलेले राहिले. संस्थानाचे स्वतःचे विद्यापीठ असावे या दृष्टीने १९२६ मध्ये एक आयोगही नेमला गेला, पण विद्यापीठ प्रत्यक्षात यायला पुढची दोन दशके गेली. ते आले तेही अगदी शेवटच्या घटकेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ रोजी स्थापन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विद्यापीठाचा कायदा हे संस्थानाने मागे ठेवलेले मृत्युपत्रच म्हणायला हवे. सात दशकांहून अधिक काळ बडोद्याचे प्राध्यापक त्याच्या कलमांवर वाद घालत राहिले.

पहिल्या कुलगुरू हंसा मेहता (१९४९–५८). सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. त्या कायद्याच्या प्राध्यापिका नव्हत्या. पण कायद्याचा वारा त्यांच्या घरात लहानपणापासून होता. त्यांचे वडील मनुभाई मेहता १८९१ ते १८९९ या काळात बडोदा कॉलेजात तर्कशास्त्र व तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि कायद्याची व्याख्यानेही देत. पुढे ते महाराजांचे खासगी चिटणीस झाले आणि १९१६ ते १९२७ संस्थानाचे दिवाण. कायद्याचा अध्यापक कारभारात शिरण्याचा बडोद्यातला हा जुना नमुना. फक्त त्या काळी वाट कुलगुरूच्या खुर्चीकडे न जाता दिवाणखान्याकडे जात होती. लेक संविधान सभेत बसली. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत म्हणून तिने संयुक्त राष्ट्रांत आग्रह धरला, आणि पाठोपाठ ती नव्या विद्यापीठाची घडी बसवू लागली. मसुद्यातल्या एका शब्दासाठी भांडता येणे ही कुलगुरूला लागणारी मोठी विद्या आहे, असे या नोंदकर्त्याला वाटते.

बडोद्याचे आणखी एक नाते इथे नोंदवले पाहिजे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावण्यात आले आणि शहर सोडावे लागले. त्याच माणसाने १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. कुलगुरू ते कधी झाले नाहीत, पण १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढून त्यांनी संस्था उभारण्याचे काम पदाविनाच केले.

सनद, वर्ग आणि वर्षांचा हिशेब

कायद्याच्या पदवीनंतर मुलासमोर दोन दारे असतात. सुरसागरच्या काठावरचे न्यायमंदिर हे बडोद्यातल्या वकिलीचे जुने दार. १८९६ च्या या इमारतीतली न्यायालये २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्यातल्या नव्या संकुलात गेली. दुसरे दार वर्गाचे. दोन्हींत एकाच वेळी पाय ठेवता येतो, पण मर्यादेने. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की मात्र सनद स्थगित करावी लागते. कायद्याचा प्राध्यापक होणे म्हणजे काळा कोट खुंटीला टांगणे. अनेक घरांत हा निर्णय समजावून सांगताना नाकी नऊ येतात. ‘वकील झालास आणि मास्तरकी करतोस?’ हा प्रश्न काही नवा नाही.

पुढची शिडी इतर शाखांसारखीच. एलएल.एम., नेट, पीएच.डी.; मग सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार थेट भरतीने सहयोगी प्राध्यापक व्हायला किमान आठ वर्षांचा आणि प्राध्यापक व्हायला किमान दहा वर्षांचा अनुभव, शिवाय शोधनिबंध आणि संशोधनाचे गुण लागतात. कुलगुरुपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षे किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत तेवढाच अनुभव हवा. बेरीज केली की पन्नाशी उलटलेली असते.

कायद्याच्या माणसाची अडचण इथेच आहे. विज्ञान शाखेत विभागागणिक प्राध्यापकपदे असतात. विधी विद्याशाखा बहुधा एका छताखालची, हाताच्या बोटांवर मावतील इतक्या पदांची. शिवाय देशातले बरेचसे कायद्याचे शिक्षण संलग्न महाविद्यालयांत चालते. तिथला प्राचार्य कितीही विद्वान असला, तरी विद्यापीठातली दहा वर्षे त्याच्या खात्यावर सहजी जमा होत नाहीत. अधिष्ठाता म्हणून त्याने परीक्षा घेतल्या, बार कौन्सिलच्या तपासणी पथकाला तोंड दिले, ग्रंथालयाच्या निधीसाठी विद्यापीठाच्या हेड ऑफिसचे उंबरे झिजवले, तरी मोजणीत शेवटी प्राध्यापकपदाची वर्षेच धरली जातात.

बडोद्यात एक अनौपचारिक शाळा मात्र होती: सिनेट (विद्यापीठाची मोठी सभा) आणि सिंडिकेट (कारभार पाहणारे छोटे मंडळ). १९४९ च्या कायद्याने निर्माण केलेल्या या मंडळांत अध्यापकांचे आणि पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसत. अशा सभेत कलमे तोंडपाठ असणाऱ्याचा शब्द आपोआप जड होतो. अध्यक्षांना मध्येच थांबवून ‘हा ठराव नियमात बसत नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते वकिली वळणाचे माणूस समजावे. गुजरातच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने (२०२३) बडोद्यासह ११ विद्यापीठांना एकाच चौकटीत आणले आणि ही निवडणुकीची पद्धत संपली. एकसूत्रीपणाचा फायदा सरकारने सांगितला आहेच. पण विद्यापीठ चालवण्याचा सराव जिथे मिळत असे ती तालीम बंद झाली, हा तोटा कमी लेखण्याजोगा नाही.

प्रतिवादीच्या बाकावर

राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ संविधानाच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ मानले जाते. म्हणून नापास झालेला विद्यार्थी, बढती नाकारलेला अध्यापक, निविदा हुकलेला कंत्राटदार असे सगळेच अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिट याचिका घेऊन, उच्च न्यायालयात जाऊ शकतात. बडोद्याच्या बाबतीत ही धाव अहमदाबादला असते. कायद्याचा प्राध्यापक कुलगुरू झाला की विद्यापीठाचा वकील काय सांगतो हे त्याला कळते. पण उलट धोकाही आहे. प्रत्येक फाइलीवर ‘विधी सल्ला घ्यावा’ असा शेरा मारून निर्णय लांबवण्याची सवय याच मंडळींना लवकर लागते.

विद्यापीठ-कायद्याच्या वर्गात हमखास शिकवला जाणारा एक निवाडा गुजरातचाच आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी मुलगा आहे. ‘गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर’ या खटल्यातल्या मुलाने १९६० ची शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून दिली होती आणि तो अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसला होता. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या नियमांवर बोट ठेवून त्याला इंग्रजी तुकडी नाकारण्यात आली. वडील न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने ठरवले की, गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम लादण्याचा अधिकार त्या विद्यापीठाला कायद्याने दिलेला नाही आणि उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय हा केंद्राचा विषय आहे.

केंद्राच्या त्याच अधिकाराचे टोक साठ वर्षांनी थेट कुलगुरूंच्या खुर्चीला लागले. वल्लभ विद्यानगरचे सरदार पटेल विद्यापीठ बडोद्याहून फार दूर नाही. ‘गंभीरदान गढवी विरुद्ध गुजरात राज्य’ या खटल्यात ३ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली. राज्याच्या कायद्यात पात्रतेची अट नसली, तरी अनुदान आयोगाचे विनियम बंधनकारक आहेत, आणि प्राध्यापकपदाची दहा वर्षे नसतील तर नेमणूक टिकणार नाही, असा त्याचा मथितार्थ. यासाठी वापरले गेलेले अस्त्र म्हणजे अधिकारपृच्छेची याचिका: ‘तू या पदावर कोणत्या अधिकाराने बसला आहेस?’ असा सरळ सवाल. पाठोपाठ बडोद्यातही २०२२ मध्ये नेमल्या गेलेल्या कुलगुरूंच्या पात्रतेला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि प्रकरण प्रलंबित असतानाच जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. अधिकारपृच्छा ही रिट पाठ्यपुस्तकात शेवटून पहिली येते आणि विद्यार्थी ती वाचायची टाळतात. बडोद्यात तरी आता तसे होत नसावे.

ही वाट चाललेले

कायद्याशी नाते असलेले सगळेच कुलगुरू या नोंदीत बसत नाहीत. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर (१९४८–५६) हे वकिली, राजकारण आणि न्यायासनावरून आले. मुंबईचे प्र. बा. गजेंद्रगडकर (१९६७–७१) सरन्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन आले. ही माणसे प्रतिष्ठा घेऊन येतात; वर्गातला खडू त्यांच्या बोटांना लागलेला नसतो.

खऱ्या अर्थाने या वाटेचे मराठी उदाहरण म्हणजे गजेंद्रगडकरांनंतर मुंबईचे कुलगुरू झालेले त्र्यं. कृ. टोपे (१९७१–७७). मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि संविधान हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्याच महाविद्यालयाचे आधीचे एक प्राचार्य, मुस्लिम कायद्याचे अभ्यासक आसफ फैजी, राजदूतपद भूषवून जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले (१९५७–६०).

गुजरातेत नाव घ्यायचे ते उपेंद्र बक्षी यांचे. राजकोटला जन्मलेले बक्षी दिल्ली विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते. सुरतेच्या दक्षिण गुजरात विद्यापीठाचे कुलगुरूपद (१९८२–८५) सांभाळल्यावर ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले (१९९०–९४). जनहित याचिकांची चळवळ रुजवणाऱ्यांत त्यांची गणना होते. सर्वसाधारण विद्यापीठ, तेही दोन वेळा, कायद्याच्या प्राध्यापकाच्या हाती येणे ही दुर्मीळ गोष्ट.

ती दुर्मीळता राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी कमी केली. एन. आर. माधव मेनन यांनी बंगळुरूला १९८० च्या दशकात पहिले असे विद्यापीठ उभे केले आणि नंतर कोलकात्याचे. गुजरातने २००३ मध्ये कायदा करून गांधीनगरला आपले काढले. तिथे प्रमुखाला कुलगुरू न म्हणता संचालक म्हणतात. अशा ठिकाणी प्रमुख कायद्याचाच असणार हे गृहीत असते. त्यामुळे आज कायद्याच्या प्राध्यापकाची नजर शेजारच्या मोठ्या विद्यापीठापेक्षा अशा छोट्या, एकविषयी विद्यापीठांकडे अधिक जाते. याचा उलटा परिणाम असा की, बडोद्यासारख्या विद्यापीठात, जिथे ललित कला, संगीत, अभियांत्रिकी आणि संस्कृत एकाच छत्राखाली नांदतात, तिथला विधी अध्यापक नेतृत्वाच्या स्पर्धेतून आपणहून बाजूला होतो.

मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर वयावर ठरते. नोकरीची वर्षे उरली असतील तर मूळ पदावरचा हक्क राखून ठेवलेला असतो आणि माणूस आपल्या विभागात परत येऊ शकतो. काही लवादाकडे वळतात, काही आयोगांवर जातात. बक्षी १९९६ मध्ये इंग्लंडातल्या वॉरिक विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक म्हणून पुन्हा वर्गात उभे राहिले.