कूलरच्या स्टँडवरचा पांढरा धूर: नॅनोकणांच्या धोक्याची पार्श्वभूमी

नागपुरात होळीच्या आधीच कूलरच्या कामांची घाई सुरू होते. स्टँडसाठी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप वेल्डिंगने जोडताना पांढरा धूर उठतो आणि सांध्याच्या कडेला पिंजलेल्या कापसासारखे तंतू चिकटतात. ते झिंक ऑक्साइड. जस्त 907 अंशांना उकळतं, पोलाद वितळायला साधारण 1500 अंश लागतात. त्यामुळे सांधा धरायच्या आतच मुलामा वाफ होऊन उडतो. ही वाफ हवेत गार होताना जे मूळ कण बनतात ते बहुतेक 100 नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान, म्हणजे नॅनोकणच.

शब्द नवा, या धुराने येणाऱ्या तापाचं दुखणं जुनं. लीड्सचे डॉक्टर चार्ल्स थॅक्रा यांनी पितळ (त्यातही जस्त असतं) ओतणाऱ्यांच्या तापाची नोंद 1831 मध्येच केली होती. धूर घेतल्यावर चार ते दहा तासांनी तोंडात धातूची चव, घशाला कोरड, मग हुडहुडी नि अंगदुखी. एक-दोन दिवसांत उतार. रोजच्या धुराला शरीर सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो, म्हणून ताप सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी गाठतो. एप्रिलमध्ये सगळे म्हणतात ऊन लागलं, आणि डॉक्टरला धंदा सांगायचा राहून जातो. दूध-गुळावर भरवसा दांडगा. पण पोटात गेलेलं दूध फुप्फुसातला धूर काढत नाही.

कणाच्या आकाराकडे लक्ष गेलं ते 1990 च्या दशकात. रॉचेस्टर विद्यापीठात गुंटर ओबरडॉर्स्टर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसांवर टायटॅनियम डायऑक्साइडचे 20 आणि 250 नॅनोमीटरचे कण तपासले. वजन तेवढंच, पण बारीक कणांनी दाह कितीतरी जास्त. तेवढ्याच वजनात पृष्ठभाग साडेबारा पट होतो, कणांची संख्या जवळपास दोन हजार पट. म्हणूनच 2011 मध्ये अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने त्याच पदार्थाला कामाच्या जागेच्या हवेसाठी दोन मर्यादा सुचवल्या: जाड कणांसाठी घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म कणांसाठी 0.3. वेल्डिंगचा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत 2017 पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात आहे.

आपल्याकडे कारखाना कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने आलेली मर्यादा झिंक ऑक्साइडच्या धुरासाठी 5 मिलिग्रॅम होती. जर्मनीत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरोगी स्वयंसेवकांनी चार तास नॅनो झिंक ऑक्साइड श्वासात घेतलं, तेव्हा 1 मिलिग्रॅमपासूनच रक्तात दाहाच्या खुणा दिसल्या. वजनावर बेतलेला जुना आकडा इथे सैल पडतो.

तोंडावरचा दुपट्टा उन्हाला ठीक, या कणांना नाही. एन-95 जाळी कण अडवते, पण दाढीच्या कडेने हवा शिरली की मास्क असून नसल्यासारखा. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा 2 ते 4 इंच मुलामा आधी घासून काढावा, तोही मास्क लावूनच. धूर ओढणाऱ्या नळीचं तोंड सांध्याला खेटून हवं. नळीच्या व्यासाइतकं अंतर पडलं तरी ओढ दहा टक्क्यांवर येते. पंखा पाठीमागे ठेवू नये: अंगासमोर भोवरा होऊन धूर नाकाशी येतो. पंखा बाजूला लावावा.