गणिताची शंका पाठवताय? वहीचं पानही पाठवा
(पालक आणि विद्यार्थ्यांसाठी)

रात्रीचे साडेआठ वाजले की आमच्या गणिताच्या शिकवणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला निरोप येतो. पुस्तकातल्या एका गणिताचा फोटो आणि खाली ‘सर हे सोडवून द्या’. दहा मिनिटांनी घरून फोन, ‘सर, बघितलं का? उद्या वही दाखवायची आहे.’

बघितलेलं असतं. पण नुसत्या प्रश्नाच्या फोटोवरून मूल कुठे अडलंय ते कळत नाही. मग आम्ही विचारतो, ‘कुठपर्यंत आलास?’ तोवर मूल जेवायला बसलेलं आणि फोन बाबांच्या खिशात. बाबा म्हणतात, त्याला काहीच येत नाही. त्याला बरंच येत असतं, हे पंधरा मिनिटांनी कळतं. या फेऱ्यांतच वेळ जातो आणि रांगेतली पुढची मुलं ताटकळतात.

म्हणून एकच मागणं आहे. प्रश्नाच्या फोटोबरोबर मुलाने स्वतः केलेल्या प्रयत्नाचा फोटो पाठवा. चुकलेला, अर्धवट, खाडाखोडीचा, कसाही चालेल. फोटो चांगला दिसावा म्हणून काही आया वही खोडरबराने स्वच्छ करून देतात. कृपया पुसू नका, आम्हाला नेमकं तेच बघायचं असतं.

गेल्या वर्षीचं एक उदाहरण. दहावीच्या मुलीचा ‘अर्थनियोजन’मधला प्रश्न होता: जीएसटीसह किंमत ११८० रुपये, दर १८ टक्के, तर करपात्र किंमत किती? तिचा निरोप एवढाच, ‘उत्तर येत नाही’. तीन-चार निरोपांनंतर वहीचं पान आलं. तिने ११८० चे १८ टक्के काढले होते, २१२.४०. ते वजा करून उरले ९६७.६०. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, अक्षरही सुरेख. आम्ही एकच ओळ लिहिली, ‘हे १८ टक्के कोणत्या रकमेवर लागले असतील?’ दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं, ‘अय्या! ११८ ला १००, म्हणजे ११८० ला १०००.’ कर १८० रुपये, त्यात केंद्राचे ९० आणि राज्याचे ९०, हेही तिनेच पुढे लिहून पाठवलं.

सगळं सोडवून दिलं असतं, तर तिने ते उतरवून घेतलं असतं आणि पुढचं ५ टक्क्यांचं गणित आलं की पुन्हा सरळ ५ टक्के वजा केले असते.

‘पैसे भरतो, मग उत्तर का देत नाही?’ असं काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलंच असतं, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. चूक शोधून दाखवायचे घेतो. मूल खरंच पहिल्या पायरीलाच अडलं असेल, तर आम्ही तसलंच दुसरं गणित पूर्ण सोडवून देतो आणि गृहपाठातलं त्याच्याकडून करून घेतो.

फोटो काढला की गणित सोडवून देणारी अ‍ॅप आता घरोघरी आहेत. पडताळा घ्यायला आम्हीही वापरतो. मात्र प्रश्नात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ असं असतं आणि अ‍ॅप सूत्र वापरून मोकळं होतं. क्रेमरची पद्धत मागितली तरी तीच गत. उत्तर बरोबर येतं आणि गुण जातात. दहावीला बीजगणित आणि भूमितीचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, त्यात पायऱ्यांनाही गुण असतात.

फुकट मिळतं त्यासाठी आमच्याकडे येऊ नका, हेही सांगून टाकतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने स्कॅन करून पाहा. खान अकॅडमीचे धडे मराठीतही आहेत. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं अ‍ॅप तर जरूर घ्या. वर्तुळावरचा बिंदू त्याच कंसावर बोटाने सरकवत राहा, अंतर्लिखित कोन तेवढाच राहतो हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. ते दाखवायला आम्हाला फळ्यावर अर्धा तास लागायचा. ‘माझं कुठे चुकलं’ एवढं मात्र व्हिडिओ सांगत नाही.

फोटो काढताना आकृती कापली जाऊ देऊ नका. भूमितीच्या निम्म्या शंका त्यामुळेच परत पाठवाव्या लागतात. इयत्ता, प्रकरण, सरावसंच क्रमांक आणि मराठी की सेमी, एवढं लिहा. मेढा-पाटणकडच्या मुलांनी पावसाळ्यात रेंज नसताना व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नये, फोटो आणि आवाजी निरोपावर काम भागतं.

शंका संध्याकाळी ६ ते ९.३० या वेळेत घेतो. साडेनऊनंतर आलेली दुसऱ्या दिवशी बघितली जाते, मग शाळा कितीही कडक असो. पाचवी ते दहावी, राज्य मंडळ. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गणितांनाही हीच फी, वेगळी नाही. चौकशी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात करा. नवीन मुलांच्या पहिल्या तीन शंका विनाशुल्क. फोटो मात्र त्यांच्याकडूनही दोन लागतील.