टेलिमेडिसिन: स्क्रीनच्या आधी एक औषधांची पेटी होती

टेलिमेडिसिन, म्हणजे पेशंट एकीकडे आणि डॉक्टर लांबून सल्ला देणार, असं म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे कोविडमधलं प्रकरण. तसं नाहीये. १९०५ च्या सुमारास नेदरलँड्समधे लायडनला ईसीजीचं मशीन बनवणाऱ्या आइनथोव्हेननं हॉस्पिटलमधल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीडेक किलोमीटरवरच्या आपल्या लॅबमधे घेतला होता, कारण मशीन एवढं अवजड की ते पेशंटपाशी नेणं शक्यच नव्हतं.

पण तो शहरातला मामला. आडगावचा खरा प्रश्न पहिल्यांदा नीट सोडवला ऑस्ट्रेलियानं. १९२८ मधे क्वीन्सलँडच्या क्लॉनकरीतून विमानानं डॉक्टर पाठवायची सेवा सुरू झाली, विमान होतं, डॉक्टर होता, पण शेकडो किलोमीटर लांब एकट्या घरात कोणी आजारी पडलं तर त्यांनी बोलवायचं कसं, फोन नाही वीज नाही. मग पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगरचा पेडल रेडिओ आला. सायकलसारखं पेडल मारायचं आणि त्या विजेवर मेसेज पाठवायचा, सुरुवातीला तोही मोर्स कोडमधे, म्हणजे टिकटिकीच्या खुणांनी! आणि १९४२ पासून त्या घरांमधे औषधांच्या पेट्या ठेवायला लागले, प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवर फक्त सांगणार, अमुक नंबरच्या दोन गोळ्या द्या. नावं वाचायची भानगड नाही, घोटाळा नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार आयडिया हीच.

नंतर अमेरिकेनं टीव्ही, सॅटेलाइट सगळं लावून बघितलं. सत्तरच्या दशकात नासानं अ‍ॅरिझोनातल्या पापागो आदिवासी भागात फिरता दवाखाना नेला, गाडीत वैद्यकीय सहाय्यक आणि लांबच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर मायक्रोवेव्ह लिंकवरून, म्हणजे बिनतारी जोडणीनं, जोडलेले (नासाला अर्थात अंतराळवीरांची काळजी होती, गावांचं भलं ओघानं). त्या काळातले असले बहुतेक प्रोजेक्ट ग्रँट संपली की गुंडाळले गेले. अलास्कात मात्र १९७१ मधे सॅटेलाइटवरून नुसता आवाज जोडला, कारण आधीचा रेडिओ भरवशाचा नव्हता, आणि गावातल्या आरोग्य सेविकांना डॉक्टरशी बोलायला तेवढं पुरलं.

आपल्याकडे २००० साली आंध्रातल्या अरगोंडा गावात अपोलोनं सुरुवात केली, पुढे इस्रोनं सॅटेलाइटनं हॉस्पिटलं जोडली, पण नियम असे नव्हतेच, डॉक्टरनं पेशंटला न तपासता औषध लिहावं का हेच धड कोणाला माहीत नव्हतं. ते नियम आले २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. त्यात औषधांच्या याद्या केल्यात: ओ यादीतली पॅरासिटामॉल, ओआरएससारखी औषधं नुसत्या फोनवर किंवा मेसेजवरही चालतात, ए यादीतल्यांना पहिल्या वेळी व्हिडिओ लागतो, बी यादी जुन्या पेशंटसाठी, आणि नार्कोटिक (अफूच्या जातीच्या) औषधांना पूर्ण बंदी. पेटीवर नंबर होते, इथे अक्षरं आली.